बाईकचं हँडल उंच केलं की पाठदुखी थांबते?

"पाठ भरून येते? हँडल उंच करून घे," हा सल्ला गॅरेजपासून टपरीपर्यंत सगळे देतात. तो अर्धवट आहे. हँडल फार वर गेलं की शरीराचा भार माकडहाडावर येतो आणि ताशी ८० च्या वेगात छातीवर आदळणारा वारा झेलायला हात ताणून धरावे लागतात. खांदे तिथेच आखडतात.

आधी हँडल धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचे बोल्ट सैल करून हँडल किंचित स्वतःकडे फिरवा. कोपर थोडं वाकलेलं, मनगट सरळ हवं. ब्रेक-क्लचचे लिव्हर बोटांच्या रेषेत आणा, बोल्ट घट्ट आवळा. बऱ्याच जणांना एवढंच पुरतं.

उंची वाढवलीच, तर गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. रेस आपोआप वाढली, तर ॲक्सिलरेटरची केबल आखूड पडतेय. तशी गाडी रस्त्यावर काढू नका.