एकाच गावात दोन चुली: हॅबिटॅट आणि फुलर सेंटर

हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी आणि फुलर सेंटर फॉर हाउसिंग या दोन संस्थांची माहिती वाचायला घेतली की झाकावी एक आणि काढावी दुसरी अशी गत होते. दोन्ही ख्रिस्ती, दोन्ही ना-नफा तत्त्वावर घरं बांधणाऱ्या, दोन्हींचा जन्म अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस या छोट्या गावाच्या परिसरातला. संस्थापकसुद्धा तेच: मिलर्ड आणि लिंडा फुलर हे दांपत्य. पहिली संस्था 1976 ची, दुसरी 2005 ची. मधल्या 29 वर्षांत काय घडलं ते कळल्याशिवाय फरक कळत नाही.

आधी दोन गैरसमज बाजूला करू. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर हॅबिटॅटचे संस्थापक नव्हेत. अमेरिकसजवळचं प्लेन्स हे त्यांचं गाव, आणि 1984 मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका पडक्या इमारतीची दुरुस्ती करायला ते स्वयंसेवकांबरोबर गेले, तेव्हापासून त्यांचं नाव संस्थेला चिकटलं. दुसरं, नैरोबीतलं यूएन-हॅबिटॅट ही संयुक्त राष्ट्रांची शाखा आहे. तिचा या मंडळींशी संबंध नाही. तिला जन्म देणारी व्हँकुव्हरची परिषदही 1976 चीच, हा निव्वळ योगायोग.

दोन्ही संस्थांचं मूळ कोइनोनिया फार्ममध्ये आहे. क्लॅरेन्स जॉर्डन या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाने 1942 मध्ये पत्नी आणि आणखी एका दांपत्यासह अमेरिकसजवळ ही शेती सुरू केली. गोरे आणि काळे एका टेबलावर जेवत, सारखी मजुरी घेत. त्या काळच्या जॉर्जियात हे सहन होणारं नव्हतं. 1956-57 च्या सुमारास रस्त्याकडेच्या त्यांच्या दुकानावर डायनामाइट टाकलं गेलं, घरांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि गावातल्या व्यापाऱ्यांनी बहिष्कार घातला. बी-बियाणं मिळेना, माल कुणी घेईना.

तेव्हा कोइनोनियाने टपालाचा आधार घेतला. पेकान हे अक्रोडासारखं फळ देशभर पार्सलने विकायचं आणि मित्रमंडळींना वार्तापत्र पाठवून परिस्थिती कळवायची. टपाल खातं केंद्र सरकारचं, त्यामुळे स्थानिक दादागिरी तिथे चालत नव्हती. ही वार्तापत्रं वाचणारा जो दूरचा गोतावळा तयार झाला, तोच पुढे घरबांधणीचा पहिला भांडवलदार ठरला. संस्थांच्या इतिहासात हातोड्याचे फोटो फार आणि टपाल तिकिटांचा उल्लेख कमी असतो. मला हे उलटं वाटतं.

फुलर याच टपालातून श्रीमंत झालेले. अलाबामात कायद्याचं शिक्षण घेताना मॉरिस डीस या मित्राबरोबर त्यांनी धंदा सुरू केला. विद्यार्थ्यांच्या आईवडिलांना पत्रं पाठवायची आणि त्यांच्या वतीने मुलांना वाढदिवसाचा केक पोहोचवायचा. पुढे पाककृतींची पुस्तकंही टपालाने विकली, आणि तिशीच्या आत फुलर लक्षाधीश झाले. संसार मात्र मोडायला आला. लिंडा घर सोडून न्यूयॉर्कला गेल्या. समेट झाला तो सगळी संपत्ती वाटून टाकायच्या निर्णयावर. 1965 मध्ये दोघं कोइनोनियाला काही तासांसाठी म्हणून गेले आणि महिनाभर राहिले.

1968 मध्ये ते तिथे परत आले. त्याच वर्षी जॉर्डन यांनी कोइनोनियाच्या मित्रांना पत्र लिहिलं. गरिबांना दान नको, भांडवल हवं. त्यांची प्रकरणं हाताळणारे नकोत, बरोबर राबणारे हवेत. आणि श्रीमंतांना आपली अतिरिक्त संपत्ती सन्मानाने सोडण्याचा मार्ग हवा, असा त्या पत्राचा गाभा. त्यातून मानवता निधी उभा राहिला: देणग्या, बिनव्याजी उसनवार आणि शेतीचा नफा. या पैशातून घर बांधायचं, कुटुंबाने नफा-व्याजाविना हप्ते फेडायचे, आणि त्या हप्त्यांतून पुढचं घर. बायबलच्या निर्गम ग्रंथात गरिबाकडून व्याज घेऊ नये अशी आज्ञा आहे, तिचाच हा हिशेब. पहिलं घर पुरं व्हायच्या आत, ऑक्टोबर 1969 मध्ये जॉर्डन वारले. पुढे फुलर कुटुंबाने 1973 ते 1976 झैरेतल्या (आजचं काँगो लोकशाही प्रजासत्ताक) म्बान्डाका शहरात हाच प्रयोग करून पाहिला आणि परतल्यावर हॅबिटॅटची स्थापना केली.

मग संस्था फोफावली. हॅबिटॅट वर्ल्ड नावाचं तिचं प्रकाशन देणगीदारांच्या घरी जाऊ लागलं आणि जुन्या वार्तापत्राची जागा संस्थेच्या नियतकालिकाने घेतली. 1996 मध्ये फुलर यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. 2005 च्या ऑगस्टमध्ये हॅबिटॅटने दोन लाखावं घर बांधलं, पण तेव्हा फुलर तिथे नव्हते. एका माजी कर्मचारी स्त्रीने त्यांच्याविरुद्ध गैरवर्तनाची तक्रार केली होती, ती त्यांनी नाकारली. संस्थेच्या संचालक मंडळाला पुरेसा पुरावा सापडला नाही. कार्टर यांनी मध्यस्थी केली. तरीही 31 जानेवारी 2005 रोजी, फुलर यांच्या जाहीर विधानांनी संस्थेत फूट पडते असं कारण देऊन, मंडळाने मिलर्ड आणि लिंडा या दोघांनाही काढलं.

काही महिन्यांत, कोइनोनियातच झालेल्या बैठकीत, त्यांनी वेगळी चूल मांडली. पहिलं नाव होतं बिल्डिंग हॅबिटॅट. हॅबिटॅटने नावावरून कोर्टाची वाट धरली, तेव्हा ते बदलून फुलर सेंटर झालं. वाचकांचा आजचा गोंधळ त्या मानाने बराच कमी म्हणायचा.

फरक तत्त्वापेक्षा आकारात आणि सुरात आहे. हॅबिटॅट ही जगभर पसरलेली मोठी यंत्रणा, प्रशासकीय कार्यालय अटलांटात, जुन्या बांधकाम साहित्याची रीस्टोअर दुकानं, सरकार आणि कंपन्यांबरोबर भागीदारी. कर्ज परवडणारं असावं ही तिची आजची भाषा. बिनव्याजी हा शब्द पूर्वीइतका ठसठशीत येत नाही. धर्मप्रसार करायचा नाही हे तिचं घोषित धोरण आहे. फुलर सेंटर स्वतःला निःसंकोच ख्रिस्ती म्हणवतं, पण सर्व पंथांना बरोबर घेतं. नफा-व्याज नाही हा नियम तिथे जुन्या कडकपणाने टिकला. त्यांची ग्रेटर ब्लेसिंग योजना मला सर्वांत बोलकी वाटते: छप्पर गळतंय, दारापाशी उतार हवा, असं किरकोळ काम करून द्यायचं, लेखी करार नाही, कुटुंबाने जमेल तसं परत करावं, त्यातून दुसऱ्याचं काम होईल. मोठ्या संस्थेला हिशेबतपासनीसापुढे हे समजावणं जड गेलं असतं.

फुलर 2009 मध्ये वारले, त्यांना कोइनोनियातच पुरलं. महाराष्ट्रातल्या वाचकाच्या आठवणीत असतील ती 2006 मध्ये लोणावळ्याजवळ कार्टर यांच्या उपस्थितीत बांधलेली 100 घरं. तिथे ब्रॅड पिट येऊन गेल्याने वर्तमानपत्रांत बराच गाजावाजा झाला होता. तो प्रकल्प हॅबिटॅटचा. फुलर सेंटर तेव्हा जेमतेम दीड वर्षाचं होतं.