बोव्हेचं कॅथीड्रल: सभामंडपाआधी कळस

पॅरिसच्या उत्तरेला सुमारे ७५ किलोमीटरवर बोव्हे हे शहर आहे. तिथल्या सेंट पीटर कॅथीड्रलमध्ये उभं राहून वर पाहिलं की मान अवघडते. दगडी छत ४८ मीटरवर, म्हणजे पंधरा मजली इमारतीएवढं. कुठल्याच गॉथिक कॅथीड्रलचं दगडी छत एवढं उंच नाही. पण पश्चिमेकडे वळलात की इमारत एका भिंतीशी येऊन संपते. आपल्या देवळांच्या भाषेत सांगायचं, तर गाभारा आहे, दोन बाजूंचे पंख आहेत, सभामंडप मात्र नाही.

१२२५ मध्ये जुनं चर्च आगीत गेलं आणि बिशप मिलों द नांतय यांनी नवं काम काढलं. बोव्हेचा बिशप म्हणजे नुसता धर्मगुरू नव्हे, तो तिथला सरंजामदारही. शेजारच्या आमियां शहरातल्या कॅथीड्रलमध्ये ४२ मीटरचं छत उभं राहत होतं, मग इथे कमी कसं चालेल? १२७२ मध्ये गाभाऱ्याचा भाग पूर्ण झाला आणि १२८४ मध्ये छताचा काही भाग कोसळला. नेमकं कशामुळे, यावर अभ्यासकांचे वाद अजून मिटलेले नाहीत. दुरुस्ती करणाऱ्यांनी मात्र दोन खांबांच्या मधोमध आणखी एकेक खांब घातला. तिथल्या कमानी आजही चिमटीत धरल्यासारख्या अरुंद दिसतात, त्या यामुळेच.

पुढे फ्रान्स-इंग्लंडमधल्या शतवार्षिक युद्धाने काम थांबलं. १५०० मध्ये मार्तां शांबीज या नामांकित गवंड्याने दोन्ही पंख हाती घेतले. ते झाल्यावर खरं तर सभामंडपाची पाळी होती. पण ‘आधी कळस, मग पाया’ म्हणतात तशातली गत झाली. गाभारा आणि पंख जिथे मिळतात, त्या मधल्या चौकावर मनोरा चढवला. १५६९ मध्ये तो १५३ मीटरवर पोचला. पूर्व, उत्तर, दक्षिण या तिन्ही बाजूंनी चौकाला आधार होता, पश्चिमेला सभामंडपच नसल्याने मोकळी हवा. त्या बाजूचे खांब कलू लागले.

१५७३ च्या एप्रिलमध्ये, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, मनोरा कोसळला. लोक मिरवणुकीसाठी नुकतेच बाहेर पडले होते, म्हणून वाचले. उरलासुरला पैसा दुरुस्तीत गेला आणि सभामंडप कायमचा राहून गेला.

१९४० च्या बॉम्बहल्ल्यात आजूबाजूचं शहर जळालं, कॅथीड्रल टिकलं. त्याला खरा घोर लावला तो नंतरच्या हौशी डागडुजीने. बाहेरच्या आधारकमानींना बांधून ठेवणाऱ्या लोखंडी सळ्या १९६० च्या दशकात काढल्या आणि वाऱ्यात कमानी हलू लागल्या. काही सळ्या पुन्हा बसवाव्या लागल्या. आता आत उत्तरेच्या पंखात लाकूड-पोलादाचे भलेमोठे टेकू उभे आहेत.

सभामंडपासाठी जी जागा मोकळी करायची होती, तिथे दहाव्या शतकातलं बुटकं चर्च होतं, रोमन काळातले छोटे चौकोनी दगड पुन्हा वापरून बांधलेलं. काम पुढे सरकेल तसं ते पाडायचं होतं. निम्म्याहून जास्त पाडून झालं. बाकीचं अजून तिथेच आहे.