आइनस्टाइन: एका छोट्या गावातलं आडनाव

‘स्वतःला मोठा आइनस्टाइन समजतो’ हा टोमणा ऐकला नाही असं हुशार पोर मराठी घरात विरळाच. टोमणा मारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पिंजारलेल्या केसांचा एकच माणूस असतो. आइनस्टाइन हे आडनाव आहे, ते इतरांचंही होतं, आणि त्या माणसाच्या जन्माआधी दोनशेहून जास्त वर्षं ते दक्षिण जर्मनीतल्या एका लहानशा गावात नांदत होतं, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही.

गावाचं नाव बुखाऊ. उल्म शहराच्या नैऋत्येला, फेडरझे नावाच्या उथळ, दलदलीच्या तळ्याकाठी ते वसलेलं आहे. 1665 मध्ये बोडेनझे सरोवराकाठच्या वांगेनहून बारूख मोझेस आइनस्टाइन नावाचा ज्यू व्यापारी इथे राहायला आला. बुखाऊतल्या आइनस्टाइनांची वंशावळ त्याच्यापासून सुरू होते. भौतिकशास्त्रज्ञ अल्बर्ट आइनस्टाइनही याच वेलीवरचा.

त्या काळच्या जर्मन ज्यूंमध्ये कायमचं आडनाव लावण्याची पद्धत फारशी नव्हती. कुणी बारूखचा मुलगा मोझेस, कुणी मोझेसचा मुलगा अब्राहम, अशीच ओळख सांगितली जाई. आडनावं आली ती मुख्यतः सरकारी हुकमानं: ऑस्ट्रियात सम्राट दुसऱ्या जोसेफनं 1787 मध्ये सक्ती केली, प्रशियात 1812 मध्ये तसा कायदा झाला, आणि बुखाऊ तोवर ज्या राज्यात सामील झालं होतं त्या व्युर्टेमबर्गमध्ये 1828 मध्ये. आइनस्टाइनांचं आडनाव या सगळ्याच्या कितीतरी आधीचं. म्हणजे कारकुनानं दामटून चिकटवलेल्या नावांपैकी हे नव्हे.

अर्थाचं म्हणाल, तर ‘एक दगड’ असं सरळ भाषांतर करण्याचा मोह होतो, आणि तो अनेकांना झालेलाही आहे. अभ्यासकांचा कल मात्र ‘दगडांनी वेढणं, दगडी कुंपण घालणं’ अशा अर्थाच्या जुन्या जर्मन क्रियापदाकडे आहे. दगडी भिंतीच्या आवारात किंवा त्याच्या आसपास राहणारे ते आइनस्टाइन. यापलीकडे अर्थात फार काही दडलेलं नाही.

खरा प्रश्न हा की ते इतकं दुर्मीळ का राहिलं. म्युलर, श्मिट, श्नायडर ही जर्मनीतली सर्वांत मोठी आडनावं. पिठाची गिरणी, लोहाराची भट्टी आणि शिंप्याचं दुकान गावोगाव होतं, त्यामुळे ही नावं शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मली. आइनस्टाइनचा उगम असा जागोजागी झाला नाही. मोजकी घराणी, आणि तीही एका जागी खिळलेली. खिळण्याचं कारण राजकीय होतं. उल्म शहरानं 1499 मध्ये ज्यूंना हाकलून दिलं होतं, आणि व्युर्टेमबर्गच्या सत्ताधाऱ्यांनीही त्याच सुमारास आपली दारं बंद केली. मग ज्यूंना थारा मिळाला तो बुखाऊसारख्या चिमुकल्या स्वायत्त नगरांत आणि सरदारांच्या खेड्यांत. तिथे गुरांचा, घोड्यांचा, कापडाचा व्यापार करावा, ठरलेल्या गल्लीत राहावं, सोयरीक आपल्यातच जुळवावी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बुखाऊच्या वस्तीत साधारण तिसरा हिस्सा ज्यूंचा होता, आणि त्यांत आइनस्टाइन हे ठळक कुळ. तिथल्या ज्यू दफनभूमीत आजही या आडनावाचे दगड ओळीनं भेटतात. सिनेगॉगलाही मनोरा आणि त्यात घंटा होती. ज्यू प्रार्थनास्थळाला घंटा ही विरळाच गोष्ट.

1864 मध्ये व्युर्टेमबर्गनं ज्यूंना पूर्ण नागरी हक्क दिले आणि गावाची मिठी सुटली. तरुण पिढी उल्म, स्टुटगार्ट, म्युनिक, थेट अमेरिकेपर्यंत पांगली. 1847 मध्ये बुखाऊत जन्मलेला हेरमान आइनस्टाइन उल्मला गेला आणि पिसांच्या गाद्यांच्या धंद्यात भागीदार झाला. 14 मार्च 1879 ला त्याला मुलगा झाला. आजोबा अब्राहम, नातू अल्बर्ट. आद्याक्षर राहिलं, बाकी नाव बदलत्या काळाला साजेसं जर्मन झालं. पुढच्याच वर्षी कुटुंब म्युनिकला हललं.

गाव सुटलं तरी नात्यातली लग्नं सुटली नाहीत. अल्बर्टची दुसरी बायको एल्सा हिचं माहेरचं आडनावही आइनस्टाइनच. दोघांच्या आया सख्ख्या बहिणी आणि वडील चुलतभाऊ. एल्सा पहिल्या लग्नानं लोवेनथाल झाली, घटस्फोटानंतर पुन्हा आइनस्टाइन, आणि 1919 मध्ये अल्बर्टशी लग्न होऊनही आइनस्टाइनच. आपल्याकडे मामेभावाशी लग्न झालेल्या मुलीचंसुद्धा आडनाव निदान बदलतं तरी!

त्याच वर्षी हे आडनाव जगाचं झालं. 29 मे 1919 च्या खग्रास सूर्यग्रहणात अल्बर्टच्या सिद्धांताची पारख करायला ब्रिटिश पथकांनी ताऱ्यांची छायाचित्रं टिपली, 6 नोव्हेंबरला लंडनमध्ये त्याच्या बाजूनं निष्कर्ष जाहीर झाले, आणि तोवर शास्त्रज्ञांच्या वर्तुळापुरतं असलेलं नाव वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत गेलं. बाकीच्या आइनस्टाइनांची सावली तिथून सुरू झाली. संगीताचा इतिहासकार आल्फ्रेड आइनस्टाइन यानं मोत्सार्टच्या रचनांच्या क्योखेल सूचीची सुधारलेली आवृत्ती 1937 मध्ये काढली. कार्ल आइनस्टाइन या कलासमीक्षकानं 1915 मध्येच आफ्रिकी शिल्पाकडे कला म्हणून पाहणारं पुस्तक लिहिलं होतं. दोघंही आपापल्या क्षेत्रात मोठे, पण आडनाव उच्चारलं की आठवतो तिसराच. अल्बर्टचा थोरला मुलगा हान्स अल्बर्ट नदीचं पाणी गाळ कसा वाहून नेतं याचा पहिल्या फळीचा तज्ज्ञ होता, हे जलअभियंत्यांखेरीज कितीजणांना माहीत असतं?

नावाचं जर्मनीत काय झालं हे उल्मच्या एका रस्त्यावरून कळतं. 1922 मध्ये शहरानं रस्त्याला आइनस्टाइनचं नाव दिलं. 1933 मध्ये नाझींनी ते काढून तत्त्वज्ञ फिख्टेचं लावलं. 1945 मध्ये पुन्हा आइनस्टाइन. हे कळवल्यावर आइनस्टाइननं सुचवलं की ‘वातकुक्कुट मार्ग’ (वातकुक्कुट म्हणजे वाऱ्यासरशी फिरणारा दिशादर्शक) असं काहीतरी ठेवा, ते जर्मनांच्या राजकीय स्वभावाला शोभेल आणि सारखं बदलावं लागणार नाही. उल्मनं देऊ केलेलं सन्माननीय नागरिकत्वही त्यानं नाकारलं.

आडनाव असलेल्या माणसांची गत रस्त्यापेक्षा वाईट झाली. बुखाऊचा सिनेगॉग नोव्हेंबर 1938 मध्ये जाळला गेला. 1939 च्या आरंभापासून जर्मन ज्यू पुरुषांना नावापुढे ‘इस्राएल’ आणि बायकांना ‘सारा’ जोडण्याची सक्ती झाली. ज्यांना देश सोडता आला ते गेले, उरलेल्यांतल्या बहुतेकांना छळछावण्यांकडे नेलं गेलं. कलासमीक्षक कार्लनं 1940 मध्ये फ्रान्समध्ये जर्मन फौजांपासून पळताना वाट खुंटल्यावर जीव दिला. अल्बर्टचा चुलतभाऊ रॉबर्ट इटलीत फ्लॉरेन्सजवळ राहत होता. 3 ऑगस्ट 1944 ला जर्मन सैनिकांनी त्याची बायको आणि दोन मुलींना गोळ्या घातल्या. रॉबर्ट जंगलात लपल्यामुळे वाचला, पण पुढच्या वर्षी त्यानं आत्महत्या केली. टेरेझीनच्या छावणीतून जिवंत परतलेला झिगबर्ट आइनस्टाइन बुखाऊचा उपनगराध्यक्ष झाला. तो 1968 मध्ये वारला. गावातला तो शेवटचा ज्यू.

आडनावाचा पसारा यानंतर वाढला तो माणसांबाहेर. 1952 च्या हायड्रोजन बॉम्ब चाचणीच्या अवशेषांत सापडलेल्या 99 व्या मूलद्रव्याला आइनस्टाइनियम नाव मिळालं. शाळा, रस्ते, लघुग्रह, तान्ह्या बाळांच्या व्हिडिओंचा ब्रँड, सगळीकडे ते लागलं. उलट ज्याचं ते जन्मजात होतं अशा एका अमेरिकी विनोदी नटानं ते टाकून दिलं. आईबापांनी त्याचं नाव अल्बर्टच ठेवलेलं! अल्बर्ट आइनस्टाइन नावानं विनोद करायला उभं राहणं म्हणजे आधीच अर्धा खेळ हरणं. तो अल्बर्ट ब्रुक्स झाला.

नाव इतकं विकाऊ झाल्यावर ते कुणाच्या मालकीचं हा वाद कोर्टात जाणारच होता. आइनस्टाइननं मृत्युपत्रात आपली कागदपत्रं आणि साहित्यिक हक्क अखेरीस जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाकडे जातील अशी तरतूद केली होती. त्या आधारावर विद्यापीठ नाव आणि चेहरा वापरणाऱ्यांकडून पैसे घेई. जनरल मोटर्सनं 2009 मध्ये एका गाडीच्या जाहिरातीत आइनस्टाइनचं डोकं एका पिळदार, उघड्या धडावर बसवलं आणि विद्यापीठानं खटला भरला. 2012 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोर्टानं निकाल दिला, की असा हक्क असलाच तरी तो मृत्यूनंतर पन्नास वर्षांपलीकडे टिकत नाही. आइनस्टाइन 1955 मध्ये वारला होता, तेव्हा जाहिरात निघण्याच्या चार वर्षं आधीच ती मुदत संपलेली होती.