सहा डबे ठेवणारा शेठ आणि कारागिराचं ऐकणारा शेठ

इंदूरात कुणी 'आमचा धंदा पर्यावरणस्नेही आहे' म्हणालं, की आधी डबे दाखवतं. ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी, घातक, सगळं वेगवेगळं. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात शहर पहिलं आलं ते या शिस्तीवरच. देवगुराडियाचा दिवसाला 550 टन क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्पसुद्धा ओला कचरा वेगळा मिळतो म्हणून चालतो. कौतुक आहेच. पण हे झालं नियम पाळणं. हरित कल्पकता, म्हणजे पर्यावरणाची हानी कमी करणारी नवी युक्ती स्वतः शोधणं, ही याहून निराळी, आणि छोट्या धंद्यात या दोन्हींची सर्रास गल्लत होते. 

शेवेचा कारखाना घ्या. तळणाच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे खराब घटक) 25 टक्क्यांच्या वर गेले की तेल बाद, हा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. दिवसाला 50 लिटरहून जास्त तेल लागत असेल तर नोंदही ठेवावी लागते. पहिला शेठ हे घटक मोजायचं मीटर आणतो, वही भरतो, बाद तेल बायोडिझेलवाल्याला देतो. काम चोख. फक्त तेल इतक्या लवकर बाद का होतं, हे त्या वहीत कुठे सापडत नाही.

ते कढईपाशी उभ्या कारागिराला ठाऊक असतं. घाणा काढला तरी बारीक चुरा तेलात राहतो, पुढच्या घाण्यात करपतो आणि तेल काळं पडत जातं. साचा भरेपर्यंत भट्टी मोठीच राहिली तर तेल नुसतंच तापतं. गॅस जातो तो वेगळाच. एक दिवस तो म्हणतो, "सेठजी, बारीक जाली का झारा बनवा लें?" त्यावर 'तू तुझं काम कर' असं उत्तर मिळालं, तर त्या भट्टीवर पुन्हा कुणी तोंड उघडत नाही, भले शेठची वही कितीही स्वच्छ असो.

दुसरा शेठ झारा बनवून घेतो, आठवडाभर एकाच भट्टीवर वापरून तेल मोजतो. फरक पडला तर सगळीकडे तोच झारा. नाही पडला तर झारा अडगळीत जातो, पण कारागिराला टोमणा मिळत नाही. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे, कारण पुढची सूचना येणार की नाही ते या फसलेल्या झाऱ्यावर ठरतं.

2013 साली यू-शान चेन आणि चिंग-सुन चँग यांनी तैवानच्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाचा अभ्यास करून हेच मांडलं: पर्यावरणाचं ध्येय समोर ठेवून माणसांना त्यात ओढणारं नेतृत्व असेल, तर हरित कल्पकता वाढते. ती गोष्ट इलेक्ट्रॉनिक्सची. आपल्या इंदूरच्या सांवेर रोड औद्योगिक भागातल्या छोट्या कारखान्यात संशोधन विभाग नसतो, पण शेठ स्वतः गल्ल्यावर असतो. सकाळी सुचलेलं संध्याकाळी करून बघता येतं. उलट बाजूही आहेच. रिकाम्या गोदामात शेठच पंखा चालू ठेवून गेला, तर दुपारपर्यंत ते सगळ्यांना कळलेलं असतं.

कुठला कारखाना कुठल्या जातीचा, हे भट्टीवरच्या माणसाला विचारावं: गेल्या वर्षी इथे काय बदललं, आणि कुणाच्या सांगण्यावरून? प्रत्येक वेळी 'ऊपर से ऑर्डर आया' ऐकू आलं, तर तिथे डबेच आहेत.

म्हणून मीटर फेकून द्यायचं नाही. झाऱ्याने तेल जास्त दिवस टिकेल, पण 25 चा आकडा ओलांडला की तेही बादच.