फायबर होडीच्या ट्रान्समची पुनर्बांधणी

फायबर होडीच्या पिछाडीला असलेल्या ज्या सपाट आडव्या भिंतीवर आऊटबोर्ड इंजिन टांगले जाते, तिला ट्रान्सम म्हणतात. या भिंतीच्या पोटातील कुजलेले लाकूड काढून नवा गाभा बसवणे आणि त्यावर पुन्हा फायबर चढवणे, या दुरुस्तीला ट्रान्समची पुनर्बांधणी असे नाव आहे. दोन्ही टोकांना निमुळत्या असलेल्या जुन्या घाटाच्या लाकडी होड्यांना ट्रान्सम नसतो, त्यामुळे त्यांच्या मालकांना ही दुरुस्ती ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मासेमारीत आणि मालवण-तारकर्लीसारख्या ठिकाणच्या पर्यटनात आऊटबोर्ड इंजिनाच्या फायबर होड्या रुळल्या, तशी अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या खाड्यांच्या काठी ती घरच्या मांगरात किंवा माडाखाली मांडव घालून केली जाऊ लागली.

जुन्या फायबर होडीचा ट्रान्सम वरवर पाहता अखंड फायबरचा वाटत असला, तरी बहुधा तो बाहेरची फायबरची साल, मधे प्लायवुडचे दोन किंवा अधिक थर आणि आतली साल असा तीन भागांचा असतो. साली ताण घेतात आणि प्लाय त्या दोन सालींमधले अंतर राखतो. तो मऊ पडला की साली एकमेकींवर सरकू लागतात आणि भिंतीचा ताठपणा जातो. 40 अश्वशक्तीच्या टू-स्ट्रोक इंजिनाचे वजन 70 किलोंच्या आगेमागे असते, आणि लाटेवर आपटताना किंवा एकदम वेग घेताना त्याची ओढ याच भिंतीला सोसावी लागते.

ट्रान्सम वयामुळे कुजतो असा समज आहे, पण तो कुजतो भोकांमुळे. इंजिनाचे बोल्ट, तळाच्या बुचाचे भोक, वरच्या काठावरची तडकलेली पट्टी आणि मासे शोधणाऱ्या यंत्राच्या सेन्सरसाठी पाण्याच्या पातळीखाली मारलेले दोन बारीक स्क्रू, यांतून पाणी प्लायच्या उघड्या कडेला लागते आणि थरांतून आडवे पसरत जाते. होडी मरीन प्लायची आहे एवढ्यावर निर्धास्त राहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: आयएस 710 या मरीन प्लायच्या भारतीय मानकाच्या प्लायचा डिंक पाण्यात सुटत नाही, पण लाकूड शेवटी लाकूडच असते. किंबहुना साचलेले गोडे पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा लवकर कूज आणते, म्हणून पावसाळ्यात बूच न काढता उघडीच ठेवलेली होडी समुद्रात राबणाऱ्या होडीहून आधी खराब झालेली दिसते.

परीक्षा सोपी आहे. लहान हातोडीने वरून खाली ठोकत जावे. निरोगी भागाचा आवाज खणखणीत येतो आणि कुजलेल्या भागाचा बद्द. इंजिनाचे खालचे टोक हाताने वर-खाली हलवताना ट्रान्समही त्याबरोबर डुलत असेल, तर पुढे ठोकण्याची गरज उरत नाही. शंका असल्यास आतल्या बाजूने बुचाजवळ पाच मिलिमीटरचे भोक पाडावे. कोरडा फिकट भुसा निघाला तर गाभा शाबूत आहे; गिरमिटाला भिजलेल्या तंबाखूसारखा काळपट लगदा चिकटून आला आणि मागून कोऱ्या चहाच्या रंगाचे पाणी ठिबकले, तर कूज खोलवर गेली आहे. त्याच वेळी तळाचे लांबीतले आधारही तपासावेत, कारण ते कुजले असताना नवा ट्रान्सम बसवणे व्यर्थ आहे.

कोकणात या कामाची खरी अडचण मोसमाची आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात आणि हात रिकामे असतात. पण नेमकी तेव्हाच हवा इतकी दमट असते की लाकूड सुकत नाही आणि रेझिनची (फायबर आणि लाकूड चिकटवून कडक होणाऱ्या द्रवाची) पकड कमी होते. हवा कोरडी असते तेव्हा होडी धंद्यात असते. जाणते लोक म्हणून इंजिन मे महिन्याच्या सुरुवातीलाच उतरवतात आणि पावसाआधी गाभा बंद करतात. घासणे आणि रंगकाम मागे राहिले तरी चालते.

गाभा काढण्यापूर्वी होडी वाळूच्या गोणींवर किंवा टायरांवर अशी बसवावी लागते की तळाला सर्वत्र आधार मिळेल, अन्यथा ट्रान्सम काढताच बाजू फाकतात आणि तो बाक नव्या कामात कायमचा राहतो. बाहेरची साल आणि तिचा गुळगुळीत जेलकोट (वरचा लेप) राखून आतली साल ग्राइंडरने कापणे ही पद्धत बहुतेकांना सोयीची पडते, कारण बाहेरची सालच मग साचा म्हणून वापरता येते. मऊ लाकूड पटाशीने सहज निघते. मधेच चिकटून राहिलेला चांगला तुकडा मात्र अर्धा दिवस खातो. घासताना उडणारी काचेची धूळ कातडीला खाजवते आणि फुप्फुसांना घातक असते, म्हणून नुसता रुमाल बांधून भागत नाही. योग्य मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे लागतात.

पुठ्ठ्याच्या मापावरून 18 मिलिमीटर प्लायचे दोन तुकडे कापून, मधे रेझिनने भिजवलेली मॅट (काचेच्या तंतूंची चटई) घालून ते जोडतात. तुकडे सांधावे लागलेच, तर दोन थरांतले सांधे एकावर एक येऊ देऊ नयेत. चिकटवण्याआधी प्लायला, विशेषतः त्याच्या कडांना, पातळ रेझिनचा हात देतात. कोरडा प्लाय सांध्यातले रेझिन शोषून घेतो आणि सांधा उपाशी राहतो. दाब शिकंज्यांनी आणि जुन्या बोल्टांच्या भोकांतून आवळलेल्या आडव्या फळ्यांनी द्यावा, तो कडांतून रेझिन सर्वत्र सारखे बाहेर येईपर्यंतच. त्याहून आवळल्यास सांध्यात काही उरत नाही. काचेची मॅट काटकोनात वळत नाही, म्हणून तळ आणि बाजूंच्या कोपऱ्यांत घट्ट केलेल्या रेझिनची गोलाई भरून तिच्यावरून मॅट आणि रोव्हिंगचे (काचेच्या जाड विणलेल्या कापडाचे) थर आलटून पालटून, प्रत्येक थर आधीच्याहून पुढे नेत, होडीच्या अंगावर वीतभर चढवतात. जुन्या सालीची कड त्याआधी जाडीच्या सुमारे बारा पट उतार देऊन घासलेली असावी.

किनाऱ्यावरील कारखान्यांत पॉलिएस्टर रेझिनच चालते आणि ते स्वस्तही पडते, पण जुन्या फायबरला आणि लाकडाला इपॉक्सी या दुसऱ्या रेझिनची पकड निश्चित सरस असते. मात्र सुकलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही, म्हणून एकदा इपॉक्सी धरले की शेवटपर्यंत तेच वापरावे, आणि मॅटऐवजी विणलेले कापड घ्यावे, कारण साध्या मॅटमधले बंधक द्रव्य पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्येच विरघळते. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर (रेझिन घट्ट करणारे द्रव्य) साधारण 1 ते 2 टक्के घालतात. मेच्या उन्हात तो कमीकडे ठेवून लहान लहान घाणे करावेत, नाहीतर डबा हातातच तापून दगड होतो. कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारे द्रव्य) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, त्यांचा भडका उडू शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यावे आणि हार्डनर अगदी शेवटी घालावा.

इंजिन परत चढवण्यापूर्वी ट्रान्समची उंची इंजिनाच्या शाफ्टच्या (खाली पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या) लांबीशी जुळते का ते पाहावे. आखूड शाफ्टला सुमारे 15 इंच आणि लांब शाफ्टला सुमारे 20 इंच लागतात. बोल्टांची भोके आधी मापापेक्षा मोठी पाडून ती घट्ट इपॉक्सीने भरावीत आणि सुकल्यावर त्यातच नेमक्या मापाची भोके पाडावीत, म्हणजे पाणी शिरले तरी त्याला लाकूड सापडत नाही. सेन्सरसाठी ट्रान्समला स्क्रू मारूच नयेत. फायबरमध्ये मढवलेला लाकडी ठोकळा बाहेरून इपॉक्सीने चिकटवून स्क्रू त्या ठोकळ्यातच थांबतील असे पाहावे. पुढे सेन्सर बदलला किंवा ठोकळा कुजला, तर छिन्नीच्या एका घावाने तो उडवून नवा बसवता येतो.