खाण्याचे विकार व न्यूरोडायव्हर्जंट व्यक्तींसाठी आहारसाहाय्य (नागपूर)

खाण्याच्या विकारातून (ईटिंग डिसऑर्डर) सावरणाऱ्यांना, तसेच स्वमग्नता (ऑटिझम) किंवा एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण व अतिचंचलता) असल्याने ज्यांचे खाणे चारचौघांसारखे नसते अशा न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे मेंदूची घडण वेगळी असलेल्या, व्यक्तींना, आहारतज्ज्ञाकडून मिळणारी दीर्घकाळाची मदत. वजन उतरवण्याचा तक्ता यात नसतो. पुरेसे, वेळच्या वेळी आणि धास्ती न बाळगता खाता यावे, एवढेच साधायचे असते. आहारतज्ज्ञाकडे जायचे ते मधुमेहासाठी किंवा लग्नाआधी बारीक होण्यासाठी, ही समजूत नागपुरातही पक्की असल्याने या कामाची ओळख अजून थोड्यांनाच आहे.

अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे खाणे फार कमी करून वजन धोकादायकपणे घटवणारा विकार, याचे वर्णन इंग्लंडमध्ये विल्यम गल आणि फ्रान्समध्ये शार्ल लासेग यांनी १८७३ च्या सुमारास केले. एकदम खूप खाऊन मग उलट्या वगैरे करून ते काढून टाकण्याच्या विकाराला बुलिमिया नर्व्होसा हे नाव जेरल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये दिले. वजनाची भीती नसतानाही खाणे अत्यंत मर्यादित होते, अशा अवस्थेला २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत ‘अर्फिड’ म्हणून स्वतंत्र स्थान मिळाले. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या जागतिक वर्गीकरणातही ते आहे. अ‍ॅनोरेक्सिया म्हणजे हाडांचा सापळा, हे चित्र फसवे आहे. वजन झपाट्याने घटले, पण मुळात जास्त असल्यामुळे काट्यावर ‘नॉर्मल’च दिसते, अशी व्यक्तीही गंभीर आजारी असू शकते आणि शेजारीपाजारी तिचे कौतुकच करत असतात. शिवाय भारतातील अनेक रुग्ण ‘जाड होईन’ असे म्हणतच नाहीत. पोट फुगते, घास उतरत नाही, मळमळते, अशी तक्रार घेऊन ते आधी पोटाच्या डॉक्टरांकडे फेऱ्या मारतात.

पहिला प्रश्न जिवाच्या सुरक्षिततेचा. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न मिळाले, तर रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम घसरून हृदयावर परिणाम होऊ शकतो. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. म्हणून अतिशय खंगलेल्या रुग्णाचे खाणे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्ततपासण्या करत आणि थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) देऊन वाढवतात. मायेपोटी पहिल्याच दिवशी तूप-सुकामेव्याचा मारा करणे धोक्याचे. मात्र घाबरून फार कमी देत राहणे आणि वजन आणखी घसरू देणे हेही तितकेच चूक. वारंवार उलट्या करणाऱ्यांचे पोटॅशियम आधीच कमी झालेले असू शकते. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, घामाने पाणी आणि क्षार आणखी जातात, तेव्हा अशा व्यक्तीची चक्कर ‘ऊन लागले’ म्हणून सोडून देऊ नये.

त्यानंतरचा मोठा टप्पा नियमित खाण्याचा. तीन जेवणे, दोन-तीन वेळा मधले खाणे, आणि दोन खाण्यांत साधारण तीन-चार तासांहून अधिक अंतर नाही. भूक लागो न लागो, वेळ झाली की खायचे, कारण उपासमारीत भुकेची सूचना विश्वासार्ह राहत नाही. अमेरिकेत १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर केलेल्या मिनेसोटा प्रयोगातून हे ठळक झाले. सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलेले हे तरुण पाककृतींची पुस्तके चाळू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. पोटभर मिळू लागल्यावरही काहींचे खाणे बराच काळ आवरेना. दिवसभर उपाशी राहून रात्री डबेच्या डबे रिकामे करणाऱ्या मुलीला ‘मनावर ताबा ठेव’ म्हणणे का निरुपयोगी आहे, ते यावरून कळावे.

या कामातला सगळ्यात नाजूक पेच मात्र पुढे येतो. विकारातून सावरताना टाळलेले पदार्थ हळूहळू ताटात परत आणावे लागतात. स्वमग्न व्यक्तीच्या बाबतीत काही पदार्थ टाळणे ही तिच्या इंद्रियांची खरी गरज असते. वरून दोन्ही सारखेच दिसते. तर्री पोह्याचे उदाहरण घ्या. एकजण तर्री नको म्हणतो, कारण तवंगातल्या तेलाचा हिशेब त्याच्या डोक्यात चालू असतो; दुसऱ्याला मोकळे पोहे भिजून लिबलिबीत झालेले तोंडात सहन होत नाहीत. पहिल्यासोबत बसून, धीर देत, तर्रीचा पहिला चमचा घ्यावा लागतो. दुसऱ्याला तर्री वेगळ्या वाटीत द्यायची, किंवा द्यायचीच नाही, आणि विषय संपवायचा. काय टाळतो यापेक्षा का टाळतो, हे नीट विचारल्याशिवाय दिलेला कोणताही तक्ता घातक ठरू शकतो. एकाच व्यक्तीत दोन्ही कारणे असणेही दुर्मिळ नाही. अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांत स्वमग्न व्यक्तींचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा जास्त आढळते, आणि लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयाशी संबंधित तज्ज्ञांनी त्यांच्यासाठी ‘पीस’ नावाची वेगळी उपचारपद्धत उभी केली आहे.

रोज तेच बिस्कीट, तेही त्याच पुड्यातले, मागणाऱ्या मुलाला हट्टी ठरवणे सोपे असते. बिस्कीट दर वेळी सारखेच लागते. संत्र्याचे तसे नाही. एकाच फळातली एक फोड गोड, दुसरी आंबट, तिसरीत बी. शिवाय आंबिया बहाराचे संत्रे आणि मृग बहाराचे संत्रे यांच्या चवीत आणि रसात फरक पडतो. संत्रानगरीत राहून पोर संत्रे खात नाही, ही तक्रार म्हणूनच फारशी मनावर घेऊ नये. आहारतज्ज्ञ आधी पाहतो ते नेमके कमी काय पडते आहे. लोह, बी-१२, क जीवनसत्त्व? अत्यंत मर्यादित आहार असलेल्या स्वमग्न मुलांत क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा स्कर्व्हीसुद्धा आढळलेला आहे. उणीव असेल तिथेच आहार वाढवायचा, तोही आवडीच्या पदार्थाला धरून: तुरीच्या साध्या वरणात थोडी मुगाची डाळ, मग मऊ खिचडी, मग तीच किंचित मोकळी. पोळीच्या कणकेत भाजी लपवून चारण्याची युक्ती लोकप्रिय आहे, पण एकदा उघडकीला आली की मूल पोळीही सोडते. उणीव नसेल, तर रोज तेच खाण्याला आजार म्हणण्याचे कारण नाही.

एडीएचडीत अडचण वेगळी. कामात गुंग असताना भूक जाणवतच नाही. मिथाइलफेनिडेटसारख्या औषधांनी दिवसा ती दबते आणि संध्याकाळी औषध उतरले की एकदम उसळते. औषधाआधी भरपेट नाश्ता, मोबाइलवर गजर, डोळ्यांसमोर ठेवलेला डबा हे उपाय इथे उपयोगी पडतात. स्वयंपाकाची ताकद नसेल तेव्हा फुटाणे, केळी, दूध-पोळी, दहीभात, उन्हाळ्यात सातूचे पीठ, हे पूर्ण जेवण मानायला हरकत नसावी.

घरच्यांना शिकवणे हे या कामाचे अर्धे ओझे. वैदर्भीय आग्रह प्रसिद्ध आहे. महालक्ष्म्यांच्या जेवणात पुरणपोळी, आंबील आणि सोळा भाज्या वाढताना कोणी ‘बस’ म्हटले तर ऐकून घेत नाहीत, आणि त्याच पंगतीत ‘किती खराब झाली गं’ किंवा ‘तब्येत झाली बरं तुझी’ असे शेरेही पडतात. रुग्णाच्या शरीरावर, चांगले किंवा वाईट, काहीच बोलायचे नाही, हा सल्ला ऐकायला सोपा आणि पाळायला फार अवघड. सणाआधीच एका मावशीला किंवा काकूला विश्वासात घेऊन ताट ठरवून ठेवले, तर बरेच निभावते. उपवासांबद्दल विचारपूस अधिक बारकाईने करावी लागते. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र यांच्या आड विकार वर्षभर लपू शकतो. घरातले सगळे साबुदाणा आणि रताळी खात असताना रुग्ण फक्त काळ्या चहावर असतो का, आणि उपवास आजाराच्या आधीपासूनचे की नंतर वाढलेले, हे पाहावे. आजाऱ्याला उपवासातून सूट असते. तेच घरातल्या आजीने सांगितले तर डॉक्टरांपेक्षा लवकर पटते.

हे काम एकट्या आहारतज्ज्ञाचे नाही. सोबत मानसोपचारतज्ज्ञ व फिजिशियन हवेत. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (मेडिकल), एम्स, १८६४ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आणि धंतोली-रामदासपेठेतील खासगी दवाखाने यांतून असा गट जुळवता येतो. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात आहारतज्ज्ञांचा समावेश असला, तरी ‘डाएट कोच’ म्हणवून घेणाऱ्यांची कमी नाही. पहिल्या भेटीतच कॅलरीचे अ‍ॅप किंवा उपाशी राहण्याच्या वेळा हाती देणाऱ्याकडे अशा रुग्णाने पुन्हा जाऊ नये. मानसिक आधारासाठी टेली-मानस ही केंद्र शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे.