रेक्झिनच्या पुठ्ठ्याआड: वाचनालयांनी पुस्तकं लोकांपुढे कशी मांडली

वाचनालयाचं जुनं पुस्तक हातात घेतलं की आधी लागतो तो रेक्झिनचा किंवा जाड कापडाचा पुठ्ठा. तपकिरी, नाहीतर काळपट हिरवा. पाठीवर पांढऱ्या शाईने दाखल क्रमांक, म्हणजे वाचनालयाच्या नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक, आणि कसंबसं लिहिलेलं नाव. चित्रकाराने मन लावून केलेलं मुखपृष्ठ आणि मागचा मजकूर बाइंडरकडेच गळून गेलेला असतो. पुस्तक दहा-वीस वर्षं जास्त टिकावं म्हणून ही बांधणी, आणि ती टिकतेही. पण स्वतःबद्दल चार शब्द सांगण्याची पुस्तकाची सोय त्यात गेली. आपल्याकडे पुस्तक सांभाळणं आणि पुस्तक पुढे करणं यांत पहिल्याचं पारडं कायम जड का राहिलं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

महाराष्ट्रात सार्वजनिक वाचनालयांची सुरुवात १८२८ साली रत्नागिरीला झाली. पुढच्या काही दशकांत जिल्ह्याच्या ठिकाणी आणि संस्थानांच्या राजधान्यांत अशीच वाचनालयं निघाली. बऱ्याच ठिकाणी त्यांचं नाव नेटिव्ह जनरल लायब्ररी असं होतं. वर्गणीदार म्हणजे वकील, मास्तर, कचेरीतले कारकून, एखादा इनामदार. छापील मराठी पुस्तकं मोजकी होती आणि महागही. त्यामुळे जाळीच्या नाहीतर काचेच्या दारांची कुलूपबंद कपाटं आणि किल्ली कारकुनाच्या कमरेला, ही रचना त्या काळाला धरूनच होती. सभासदाने यादी चाळायची, चिठ्ठीवर क्रमांक लिहायचा आणि शिपाई पुस्तक आणून देईल त्याची वाट बघायची. यादी हीच काय ती जाहिरात. ज्याला नाव आधीच ठाऊक, त्यालाच पुस्तक मिळणार.

पहिला वेगळा प्रयोग बडोद्याचा. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालय खातं उभं केलं. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांच्यासाठी चित्रं आणि चलतचित्रं दाखवणारा विभागही त्याच खात्यात होता. आधी माणूस गोळा करायचा, मग पुस्तकाकडे वळवायचा, हा विचार त्यामागे होता. पुढे १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत ग्रंथरूपाने आले. त्यातला तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा हा. वाचक शोधण्याची जबाबदारी त्याने पुस्तकाच्या, म्हणजे पर्यायाने ग्रंथपालाच्या गळ्यात घातली. मुक्तद्वार पद्धत, म्हणजे सभासदाने स्वतः कपाटात हात घालावा, याचा रंगनाथनांनी आग्रह धरला तो यासाठीच.

आपल्याकडे मुक्तद्वार आलं ते बिचकत बिचकत. पुस्तकं पळवतील, पानं फाडतील ही भीती अगदीच खोटी नव्हती. तरी देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या कोणालाही विचारा: सभासद आधी कपाटाकडे जात नाहीत, नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांचा ढीग उपसतात. मग शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची पट्टी बघतात. शिक्के दाटीने पडलेले असले की पुस्तक घरी जातं, पट्टी कोरी दिसली की परत ढिगात. कसलीही पदरमोड न करता चाललेली ही जाहिरात आहे.

कायद्याने काय केलं? करवीर, म्हणजे कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच ग्रंथालय कायदा केला होता. राज्याचा कायदा १९६७ चा. अ, ब, क, ड असे वर्ग आले आणि वर्गाप्रमाणे अनुदान. त्याने शेकडो गावांतली वाचनालयं जगली, हे मान्यच करायला हवं. पण वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिकं मोजली जातात. एखादं पुस्तक किती जणांनी नेलं, याला तिथे फारसं वजन नाही. साहजिकच दाखल नोंदवही भरत जाते आणि कपाटाच्या वरच्या फळीवर धूळही. शिवाय १९७२ मध्ये कोलकात्यात स्थापन झालेल्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान या केंद्र सरकारच्या संस्थेकडून येणारे पुस्तकांचे गठ्ठे असतात. त्यात उत्तम पुस्तकं असतात, पण गावाने मागितलेली असतीलच असं नाही.

प्रचाराची हौस वाचनालयांनी भागवली ती व्याख्यानांतून. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ ची, न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराची. वाईतही लोकमान्य टिळक स्मारक संस्थेची वसंत व्याख्यानमाला मे महिन्यात भरते आणि गर्दीही होते. माझी तक्रार एवढीच की बहुतेक ठिकाणी वक्ता ज्या विषयावर बोलला, त्याची पाच-सात पुस्तकं दाराशी मांडायचं कोणाला सुचत नाही. श्रोते टाळ्या देऊन घरी जातात.

एका छापील वस्तूला मात्र प्रचार कधी लागला नाही: दिवाळी अंक. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये ही प्रथा सुरू केली. वाचनालयांची दिवाळी अंक योजना, तिची वेगळी वर्गणी आणि अंकासाठी लागणारे नंबर हे आजही दिसतं. एरवी पायरी न चढणारेही त्या महिन्यांत सभासद होतात.

भिलारने सगळी मांडणीच उलटी केली. महाबळेश्वर तालुक्यातलं, पाचगणीजवळचं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचं गाव झालं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून घेतलेली. फरक असा की तिथे जुन्या पुस्तकांचा व्यापार चालतो, इथे कुणाच्याही ओसरीवर बसून फुकट वाचायचं. सुरुवातीला २५ ठिकाणं होती. एका घरात कादंबऱ्या, दुसऱ्यात संतसाहित्य, कुठे बालसाहित्य, आणि भिंतीवर त्या-त्या विषयाचं चित्र. पाटी वाचायच्या आधीच आत काय आहे ते कळतं. गावकरी रोज नव्या माणसाला पुस्तकं दाखवतात. प्रशिक्षित ग्रंथपालांपैकी किती जण हे करतात, कोण जाणे. पुढे सांगली जिल्ह्यातलं पलूस तालुक्यातलं अंकलखोपही या योजनेत आलं.

सांगलीत २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी जिल्हा नगर वाचनालयात शिरलं आणि हजारो पुस्तकं भिजली. अशा वेळी पुस्तकं पाठवा म्हटलं की लोक पाठवतात. नेमकी कोणती गेली, हे सांगायला यादी आणि ती यादी वाचलेला माणूस, दोन्ही लागतात.

आता बरीच वाचनालयं रेक्झिनऐवजी मूळ मुखपृष्ठावर पारदर्शक प्लास्टिक चढवतात आणि सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नव्या खरेदीचे फोटो टाकतात. खाली लगेच ‘माझ्यासाठी ठेवा’ येतं. फोटो अर्थात नव्यांचेच. १९६० च्या आगेमागे बांधून घेतलेल्या पुस्तकाचा फोटो काढायचा, तर त्याला दाखवण्यासारखं मुखपृष्ठच उरलेलं नाही. आतलं एखादं पान उघडून टाकावं लागेल, आणि त्यासाठी ग्रंथपालाने ते आधी वाचलेलं असावं लागेल.